ओलीची कड
उमरीच्या आमच्या जुन्या घराची भिंत पांढऱ्या मातीची. पावसाळ्यात जोत्यावरून ओल चढते, पण तिची कड कधी सरळ नसते; कुठे बोटभर पुढे, कुठे अडलेली. मातीतली छिद्रे सारखी नसतात ना! बारीक छिद्र पाण्याला जोराने ओढते, मात्र वाट अरुंद म्हणून चाल मंद. पुढे घुसलेल्या टोकाला पृष्ठताण आवरतो. १९२१ साली वॉशबर्न या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने गणित मांडले: पाण्याचे वजन नगण्य धरले, तर दुप्पट अंतराला चौपट वेळ. भिंतीत मात्र ओल थांबते ती मुख्यतः पाणी वाळत राहते म्हणून. वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून ती वाटच बुजवली. ओल कोनाड्यापर्यंत चढली, आजीच्या पोथ्या भिजल्या. यंदा दिवाळीआधी मी तो गिलावा खरवडून काढला.