हार्डेलोची वाळू, जुहूची धावपट्टी

फ्रान्सचा समुद्र म्हटला की आपल्याकडच्या सहल कंपन्या प्रवाशांना सरळ दक्षिणेला नेतात. नीस, कान, मोनाको. निळंशार पाणी, पामची झाडं, श्रीमंतांच्या बोटी. उत्तरेचा किनारा त्यांच्या पत्रकात सहसा नसतो आणि त्याला कारणं आहेत. तिथं भर ऑगस्टमध्येही पाण्यात पाय घातला की हुडहुडी भरते, ऊन-पावसाचा लपंडाव दिवसभर चालतो आणि वारा डोक्यावर टोपी राहू देत नाही. तरीही एखाद्या मुंबईकरानं मला विचारलं की फ्रान्समधला एकच किनारा बघायचा तर कुठला, तर मी हार्डेलोचं नाव सांगेन. भारतातल्या नागरी विमान वाहतुकीची गोष्ट आपण नेहमी कराची आणि जुहूपासून सांगायला घेतो. तिचं पहिलं प्रकरण या वाळूवर घडलेलं आहे.

फ्रान्सच्या नकाशावर उत्तरेला, इंग्लंडच्या अगदी समोर, बुलोन-सुर-मेर हे मासेमारीचं मोठं बंदर दिसतं. त्याच्या दक्षिणेला पंधराएक किलोमीटरवर हार्डेलो. या पट्ट्याला ‘ओपल किनारा’ म्हणतात. हे नाव एदुआर लेव्हेक या चित्रकारानं १९११ मध्ये दिलं. ओपल रत्नात जसे दुधाळ, निळसर, हिरवट रंग हलत राहतात तसा इथला उजेड हलतो. पर्यटनवाले असली नावं उगाच देत असतात, पण इथं तक्रार करायला जागा नाही. दहा मिनिटांत समुद्र शिशासारखा काळपट होतो आणि पुन्हा मोतिया.

समुद्रावर ‘हवा खायला’ जाण्याची चाल युरोपात फार जुनी नाही. अठराव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनी खाऱ्या पाण्याचे स्नान औषध म्हणून लिहून द्यायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये ही टूम उच्चभ्रूंत रुजवली ती मुख्यतः बेरीच्या डचेसनं. १८२४ पासून ती दिएपला समुद्रस्नानाला जाऊ लागली आणि तिच्यामागून पॅरिसचा दरबारी गोतावळा. रेल्वे आली तशी कोळ्यांची एकेक वस्ती हॉटेलांनी आणि बंगल्यांनी भरत गेली. हार्डेलोची गोष्ट मात्र वेगळी. इथं कोळीवाडाही नव्हता. होत्या त्या फक्त वाळूच्या टेकड्या, मागं पाइनचं रान आणि त्यामागं एक जुना किल्ला.

तिथं गाव वसवलं ते एका इंग्रजानं. जॉन रॉबिन्सन व्हिटली याचं नाव. हा गृहस्थ हाडाचा मेळेवाला. १८८७ मध्ये लंडनमध्ये त्यानं अमेरिकन प्रदर्शन भरवलं होतं आणि बफेलो बिलचा घोडेस्वारांचा प्रसिद्ध तमाशा त्याच निमित्तानं लंडनकरांनी पाहिला. पुढं एकोणिसावं शतक संपता संपता व्हिटलीनं हार्डेलोचा किल्ला आणि भोवतालची जमीन घेतली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथं सुट्टीचं गाव उभं करायला घेतलं. आपल्याकडे माथेरान जसं ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरनं डोंगरावर चढून ‘शोधलं’, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की मॅलेटला थंडावा हवा होता आणि व्हिटलीला भूखंड विकायचे होते. गोल्फ, टेनिस, क्रिकेट असे सगळे इंग्रजी चोचले त्यानं फ्रेंच वाळूत आणून लावले. त्याच्या जाहिरातबाजीला नावं ठेवता येतील, पण गाव मात्र नेटकं वसलं. पाइनच्या झाडांतून वळणं घेत जाणारे रस्ते आणि झाडांआड लपलेले उतरत्या छपरांचे बंगले आजही तसेच आहेत.

या गावात विसाव्या शतकाच्या आरंभी दोन शेजारी उन्हाळ्यात राहायला येत. एक लुई ब्लेरिओ. दुसरे रतनजी दादाभाई टाटा, जमशेदजींचे नातलग आणि टाटा सन्सचे भागीदार. रतनजींची पत्नी सुझान फ्रेंच होती आणि कुटुंबाचा बराचसा मुक्काम फ्रान्समध्ये असे. त्यांचा मुलगा जहांगीर २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. आपण त्यांना जेआरडी म्हणून ओळखतो.

ब्लेरिओ मोटारींचे दिवे बनवून पैसा मिळवायचा आणि विमानं बनवून घालवायचा. एकामागून एक विमानं मोडली, हाडंही मोडली. अकराव्या नमुन्यानं मात्र साथ दिली. २५ जुलै १९०९ च्या पहाटे पाचच्या आधी कॅलेजवळच्या ले बाराक इथून तो उडाला, तेव्हा पायाच्या जखमेमुळे कुबड्या घेऊन चालत होता. जवळ होकायंत्र नव्हतं. विमानाला २५ अश्वशक्तीचं आंझानी इंजिन, म्हणजे आजच्या छोट्या मोटारीच्या निम्म्याहूनही कमी ताकद. सदतीसएक मिनिटांत तो डोव्हरच्या किल्ल्याजवळ धडपडत उतरला, चाकं मोडली, पण इंग्लिश खाडी विमानानं ओलांडणारा पहिला माणूस ठरला. ‘डेली मेल’चं हजार पौंडांचं बक्षीस त्याला मिळालं. त्याचा स्पर्धक ह्युबर्ट लॅथम सहा दिवस आधी समुद्रात पडला होता, आणि ब्लेरिओ उडाला तेव्हा तो साखरझोपेत होता. जेआरडी तेव्हा पाच वर्षांचे व्हायला चार दिवस कमी होते.

ब्लेरिओची विमानं हार्डेलोच्या वाळूवर उतरत. त्याचा मुख्य वैमानिक अदोल्फ पेगू तर कसरतींसाठीच नावाजलेला. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यानं विमान उलटं करून उडवलं आणि मग हवेत पूर्ण गिरकी घेतली, तेव्हा अख्ख्या युरोपच्या तोंडी त्याचंच नाव झालं. असा माणूस विमान घेऊन आपल्या खेळायच्या जागी उतरतोय, हे पाहणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोराचं पुढं काय होणार? १९१९ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले. तोपर्यंत पेगू युद्धात मारला गेला होता. ३१ ऑगस्ट १९१५ ला, हवाई लढाईत.

हे सगळं इथंच का घडावं, याचं उत्तर किनाऱ्यावर ओहोटीला उभं राहिलं की मिळतं. या खाडीत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक आठ मीटरच्या घरात जातो, मुंबईच्या मोठ्या भरतीच्या जवळजवळ दुप्पट. किनारा उथळ असल्यानं पाणी उतरतं म्हणजे अक्षरशः दूर निघून जातं. मागं उरते ती शेकडो मीटर रुंद, डावी-उजवीकडे नजर पोचेल तिथवर सपाट वाळू. कोरडी वाळू पाय ओढते; ही ओली वाळू मात्र फरशीसारखी टणक. त्यावर लाटांनी काढलेल्या बारीक नळ्या-नळ्यांच्या ओळी, खळग्यांत साचलेलं वीतभर पाणी, आणि सुरीच्या पात्यासारखे लांबट शिंपले पायाखाली कडकन फुटतात. विमानतळ नावाची गोष्ट जन्मायच्या आधी याहून चांगली धावपट्टी कुणाला मिळाली असती?

आज या वाळूवर विमानं उतरत नाहीत, शिडाच्या गाड्या धावतात. तीन चाकं, एक डोलकाठी, एक शीड. चालवणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर जवळजवळ आडवा झोपतो, पायांनी वळवतो आणि हातातल्या दोरीनं शीड आवळतो किंवा सैल सोडतो. ब्रेक नसतो. थांबायचं तर तोंड वाऱ्याकडे वळवायचं. तरबेज लोक ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातात. शिकाऊ माणसाला त्याच्या तिसऱ्या हिश्शातच देव आठवतो. हा खेळ मूळचा बेल्जियमच्या किनाऱ्यावरचा, पण हार्डेलोला तो ब्लेरिओनं आणला आणि त्या गाड्यांना स्वतः एक नावही दिलं. विमान बनवणाऱ्या माणसाला वाऱ्यावर चालणारी गाडी सुचावी यात नवल नाही.

आणि गंमत म्हणजे या किनाऱ्याला अशा उद्योगांची सवय आधीपासूनच होती. माणसाला पहिल्यांदा बलूनमधून आकाशात घेऊन जाणारा पिलात्र द रोझिए १५ जून १७८५ रोजी खाडी ओलांडायला बुलोनहून निघाला आणि बलूनसह विमरूजवळ कोसळून मेला. हवाई अपघातात बळी गेलेला तो पहिला माणूस मानला जातो. त्याच विमरूला, मार्च १८९९ मध्ये, मार्कोनीनं खाडीपलीकडच्या इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण केली. इंग्लंड समोर दिसतं आणि मध्ये पाणी आहे, एवढी एकच गोष्ट इथल्या माणसांना स्वस्थ बसू देत नसावी.

जेआरडींची पुढची कथा आपल्याला पाठ आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तेव्हाची जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची मातीची पट्टी होती आणि पावसाळ्यात ती चिखलात बुडायची, म्हणून त्या महिन्यांत टाटांची विमानं पुण्याहून चालत. दोन किनाऱ्यांमधलं हे साम्य मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. ज्या मुलानं विमान वाळूवर उतरताना पाहिलं, त्याला विमानसेवा चालवण्यासाठी आधी काँक्रीट लागतं असं कधी वाटलंच नसणार. १९८२ मध्ये, त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला.

हार्डेलोला मात्र याची फारशी फिकीर नाही. समुद्रालगतची जुनी घरं दुसऱ्या महायुद्धात बरीच गेली; जर्मनांनी हा सगळा किनारा काँक्रीटच्या तटबंदीनं भरून टाकला होता आणि वाळूच्या टेकड्यांत त्यांचे बंकर अजून तोंड उघडून बसलेले दिसतात. किनाऱ्याला तोंड करून ज्या इमारती उभ्या आहेत त्या युद्धानंतरच्या, आणि स्पष्टच सांगायचं तर रुक्ष. त्यांच्याकडे पाठ करून समुद्र बघावा. जुनं हार्डेलो बघायचं तर आत, पाइनच्या रानात शिरावं लागतं. तिथून चालत गेलं की व्हिटलीचा किल्ला लागतो. मध्ययुगीन पायावर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज मालकांनी बांधलेली ती हवेली आता फ्रान्स आणि इंग्लंडच्या मैत्रीचं सांस्कृतिक केंद्र आहे. शेजारी २०१६ मध्ये शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहांच्या धर्तीवर लाकडी रंगमंदिर उभं राहिलं. त्याला बाहेरून उंच बांबूंचं कडं आहे. जवळच्या कोंदेत गावी चार्ल्स डिकन्स १८६० च्या दशकात येऊन राहत असे.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर दक्षिणेला ल तुके बघता येईल. तिथं व्हिटलीनंच भांडवल ओतलं होतं, गाव मोठं आहे आणि भावही मोठे. पु. लं.चे लाडके पी. जी. वुडहाऊस तिथं बंगला करून राहिले होते आणि १९४० मध्ये जर्मनांनी त्यांना तिथूनच पकडून नेलं. पण एकाच दिवसाचा हिशेब असेल तर ल तुके सोडून द्यावं. जेवणाला बुलोन बरं. तिथं सकाळी बोटींवरून उतरलेली मासळी धक्क्यावरच्या टपऱ्यांवर विकत मिळते, आणि जवळच्याच खानावळीत मडकंभर शिंपल्यांबरोबर बटाट्याच्या तळलेल्या फोडी. शाकाहारी माणसानं आपली शिदोरी बरोबर न्यावी. चीज आणि पाव यांपलीकडे फारशी आशा नको.

जाणं अवघड नाही. पॅरिसच्या उत्तर स्टेशनातून बुलोनची गाडी दोन-अडीच तासांत पोचवते, पुढचा टप्पा बस किंवा टॅक्सीनं. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र बघा. भरतीच्या वेळी पोचलात तर हा लेख वाचून तिथं जाण्याचं काही कारण उरणार नाही. पाणी थेट बांधापाशी असतं आणि वाळू दिसतच नाही. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने चांगले. वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही बरोबर ठेवा. ओहोटीत फार आत चालत जाऊ नका. सपाट किनाऱ्यावर पाणी परततं ते माणसाच्या अंदाजापेक्षा लवकर.

परतताना पॅरिसमध्ये अर्धा दिवस राखून ठेवा. ब्लेरिओनं खाडी ओलांडली ते मूळ विमान ‘आर ए मेतिए’ या तंत्रविद्येच्या संग्रहालयात, जुन्या चर्चच्या छताखाली टांगलेलं आहे. जेआरडी २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात वारले आणि त्यांची कबर पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहे. दोन्ही ठिकाणं मेट्रोच्या ३ नंबरच्या लाइनवर आहेत.