हवा पिळायची विद्या

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून फुटतो. मे महिन्यात पहाटे इथे उभं राहिलं तर कोकणातून येणाऱ्या गाड्या वासावरून ओळखता येतात. एकीत हापूस, तिच्या मागचीत मासळी. मासळीच्या गाडीखाली बर्फाचं पाणी ठिबकत असतं. रीफर म्हणजे शीतगाडीचा ड्रायव्हर चहाला उतरला, तरी तिच्या कपाळावरचं यंत्र घुरघुरतच राहतं. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर सुखात असते. हापूस मात्र १२-१३ अंशांखाली नेला की त्याची साल काळवंडते आणि तो धड पिकतही नाही. ‘जितकं गार तितकं बरं’ हा समज मोडायला एवढं पुरे.

गारव्याची ही विद्या शिकवणारा ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पदवीत बहुधा शेवटच्या दोन वर्षांत भेटणारा एक पेपर. पोरांच्या तोंडी नुसतं ‘आरएसी’. अरोरा-डोमकुंडवार यांचा जाडजूड ग्रंथ समोर येतो आणि पहिल्याच आठवड्यात कळतं, की थंडी नावाची वस्तूच नसते. असते ती उष्णता, आणि ती इकडून उचलून तिकडे टाकायची. थोडक्यात, हमाली. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर हे चार हमाल, आणि ओझं वाहणारा गॅस.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: दीड टनाच्या एसीत ‘टन’ कशाचा? दुकानातही निम्म्यांना वाटतं वजनाचा. उत्तर बर्फाच्या जमान्यातलं आहे. २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तो एक टन. सुमारे साडेतीन किलोवॅट.

पण या विषयाचा जीव मला दिसतो तो पाण्यात. इंजिनिअर विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. हवेतलं पाणी मोजायची सूत्रं त्याने १९११ मध्ये मांडली. सायक्रोमेट्रिक चार्ट त्यांच्यावरच उभा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कोळ्याच्या जाळ्यासारखा वाटतो.

प्रयोगशाळेत हवेतलं पाणी मोजायला दोन थर्मामीटरची एक चौकट असते. एकाच्या फुग्यावर ओली मलमल. चौकट खुळखुळ्यासारखी मुठीत धरून गरगर फिरवायची आणि दोन्ही आकडे पटकन वाचायचे. मलमल वाळली किंवा फिरवायचा कंटाळा केला, की वाचन चुकलं. समजा, जुलैतल्या पळस्प्यात कोरडा ३० आणि ओला २८ आला. म्हणजे किलोभर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ. खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी, तर त्यातले १३ ग्रॅम काढावे लागतात. आता हिशेब बघा: हवा सहा अंशांनी गार करायला किलोमागे जेमतेम सहा किलोज्यूल, पाणी पिळून काढायला तेहतीसच्या आसपास. बाहेरची ताजी हवा आत घेताना एसीचं मुख्य काम गार करणं नाहीच!

म्हणूनच नागपूरचा कूलर पनवेलला आणून लावणाऱ्याची कीव येते. तिकडे मे महिन्यातली कोरडी हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गेली की गारवा होतो. इकडे आधीच भिजलेल्या हवेत आणखी पाणी ओतून काय होणार? चादरी चिकट.

गॅसचा भाग वेगळाच. ओझोनचा थर वाचवायला १९८७ चा मॉन्ट्रियल करार, तापमानवाढ रोखायला त्याचीच २०१६ ची किगाली दुरुस्ती, आणि त्यांच्यापायी दर काही वर्षांनी बदलणारे आर-२२, आर-३२, आर-२९० हे गॅसांचे आकडे. शेवटचा म्हणजे चक्क प्रोपेन, पेट घेणारा. तो भरायचा कसा, हे पदवीवाल्याने आयटीआयच्या पोराकडून शिकावं. दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा तांब्याच्या नळीचं तोंड फ्लेअर करतो, व्हॅक्यूम मारतो आणि गेजचा काटा स्थिर होईपर्यंत गप्प बसतो. घाईत व्हॅक्यूम न मारता गॅस भरला, तर नळीत राहिलेला ओलावा बारीक तोंडाशी गोठतो आणि यंत्र थांबून-थांबून चालतं. माझ्या घरी एका मेकॅनिकने तेच केलं. वर ‘गॅस कमी आहे’ म्हणून दुसऱ्यांदा पैसे घेतले. हातात पदवी असूनही मी ते दिले.

शिकणाऱ्याला माझ्या मते एक बादली द्यावी. पावसाळ्यात एसीच्या ड्रेन पाइपाखाली ती तासभर ठेवायची. लिटरभर पाणी जमलं, तर यंत्राची सुमारे ०.७ किलोवॅट ताकद निव्वळ पिळण्यात गेली. चार्ट न उघडता सुटलेलं गणित. मात्र वहीत आकडा आधी लिहून घ्यायचा, कारण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला ते पाणी कुणीतरी बाटलीत भरून नेतंच.