धुकं कुठल्या घड्याळानं मोजायचं?

आषाढातल्या एका शुक्रवारी आम्ही पन्हाळ्यावर सज्जाकोठीपाशी उभे होतो. समोरची दरी धुक्यानं भरलेली. मिनिटभर पडदा सरे, खालची शेतं दिसत, की पुन्हा सारं पांढरंफटक. मेहुण्याचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. तो मोबाइलवर एका शेअरचा भाव बघत होता.

"दाजी, सकाळपासनं तीन टक्के उतरलाय. विकू काय?"

"पैसे कधी पाहिजेत?" मी विचारलं.

"निम्मे पोरीच्या फीला, पुढच्या महिन्यात. बाकीचे म्हातारपणाला. पण त्याचा इथं काय संबंध?"

संबंध आहे, आणि तोच आपण विसरतो. शेअरचा भाव किती चंचल आहे, याचं एकच एक उत्तर नसतं. ते मोजायची रीत तशी सोपी आहे. रोज भाव किती टक्के बदलला ते लिहायचं, त्याची सरासरी काढायची, आणि रोजचा बदल त्या सरासरीपासून किती दूर जातो ते बघायचं. याला प्रमाण विचलन म्हणतात. समजा, ते रोजचं १ टक्का आलं. मग बाजाराच्या पाच दिवसांच्या आठवड्याचं ५ टक्के होईल का? नाही. काही चढ काही उतारांना खाऊन टाकतात. म्हणून दिवसांच्या संख्येचं वर्गमूळ घेतात. आठवड्याला साधारण २.२ टक्के आणि सुमारे २५० दिवसांच्या वर्षाला १६ टक्के. आजच्या बदलाचा उद्याच्या बदलाशी संबंध नसेल, तरच हा हिशेब जुळतो. आठवड्याचे आकडे प्रत्यक्ष मोजल्यावर जास्त भरले, तर भाव एकाच दिशेनं वाहतोय. कमी भरले, तर तो उसळून पुन्हा जागेवर येतोय, असं समजावं.

मी हे महागात शिकलो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळून २५,९८१ वर आला. दहा वर्षं हात न लावायचे म्हणून ठेवलेले शेअर मी त्या आठवड्यात घाबरून विकले. वर्षअखेरीला सेन्सेक्स ४७,७५१ वर होता. आधीच्या वर्षअखेरीपेक्षा सुमारे १६ टक्के वर! दहा वर्षांचं धान्य मी दिवसाच्या मापानं मोजलं होतं.

पण 'थांबलं की मिळतंच' हेही खरं नव्हे. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर पोचला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३,००० च्या आसपास होता. आणि हा तर अनेक कंपन्यांचा मिळून निर्देशांक. एकटा शेअर बुडाला, तर कितीही वर्षं थांबून उपयोग नाही.

परतताना अंबरखान्यापाशी थांबलो. गडाची ही धान्याची कोठारं. मी मेहुण्याला म्हणालो, "कोठारातलं धान्य वेगळं आणि उद्याच्या भाकरीचं पीठ वेगळं. फीचे पैसे आजच काढ, भाव काहीही असो. ते बाजारात ठेवायलाच नको होते. उरलेल्यांचा भाव वर्षातनं एकदा बघ, आणि सगळे एकाच शेअरात ठेवू नकोस."

त्यानं तिथंच उभं राहून निम्मे शेअर विकले. मग मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "चला दाजी, झुणका-भाकर खाऊ."

खाली उतरेपर्यंत त्यानं मोबाइल दोनदाच काढला. सवय जायला वेळ लागतो.