मेणवली: नाना फडणिसांचे गाव

वाईला जाणारा मनुष्य बहुधा ढोल्या गणपतीचे दर्शन घेतो, कृष्णेच्या घाटावर घटकाभर टेकतो आणि पाचगणीची मोटार गाठतो. आम्हीही इतकी वर्षे तेच करीत आलो. यंदा मात्र आमच्या सौभाग्यवतींनी हट्टच धरला. २००४ साली आलेला ‘स्वदेस’ चित्रपट जेथे चित्रित झाला, तो घाट त्यांना पाहायचा होता! नाना फडणिसांसाठी नव्हे, तर शाहरुख खानसाठी आम्ही मेणवलीला गेलो, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे.

वाईपासून धोमच्या वाटेवर तीन-चार किलोमीटर गेले की हे टुमदार खेडे लागते. १७६८ साली औंधच्या भवानराव प्रतिनिधींकडून ते नानांना मिळाले. पुढे नानांनी येथे वाडा बांधला, नदीला घाट बांधला, घाटावर मेणेश्वर आणि विष्णू यांची देवळे उभी केली. वाडा सहा चौकांचा. बाहेरून पाहावे तर गढीसारखा करडा. आत मात्र सागवानी खांब, नक्षीची तक्तपोशी आणि भिंतींवर जुनी रंगीत चित्रे. रंग पुष्कळ ठिकाणी उडाले आहेत. साऱ्या मराठी राज्याचा हिशेब ज्याच्या जिभेवर, त्याचे दप्तरही येथेच होते. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या हाती ते लागले नसते, तर पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल आपण आज बऱ्याच ठिकाणी अंदाजच बांधीत बसलो असतो.

वाड्याच्या मागल्या अंगाने उतरले की घाट. चंद्रकोरीसारखा वळलेला, पायऱ्या थेट पाण्यात गेलेल्या. आणि तेथे एका दगडी देवळीत टांगलेली ती प्रचंड घंटा! जवळ जाऊन पाहाल तर चकित व्हाल. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे आणि साल आहे १७०७. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील देवळांतल्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. एक भीमाशंकरी आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, आणि ही मेणवलीत. गंमत अशी, की त्या मूर्ती घासून टाकाव्यात असे कोणाला वाटले नाही. महादेवाच्या शेजारी ती माउली खुशाल राहिली आहे.

आमची चिंगी घंटेखाली उभी राहून वर पाहत होती. तेवढ्यात मी सौभाग्यवतींना जिऊबाईंची हकीकत सांगितली. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना वारले, तेव्हा त्यांची ही बायको अवघी नऊ-दहा वर्षांची होती. पोटी मूल नाही, आणि नवऱ्याच्या संपत्तीवर पुणे दरबारातल्या अनेकांचा डोळा! विश्वासू माणसांनी तिला लोहगडावर ठेवले. पुढे इंग्रजांच्या आश्रयाने ती पनवेलीस गेली आणि शेवटी या मेणवलीच्या वाड्यात येऊन राहिली. ज्या माणसाच्या शब्दावर निजाम, शिंदे, होळकर यांचे बेत ठरत किंवा फिसकटत, त्याची ती विधवा. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला होता. राजकारणाच्या बखरींत तिला दोन-चार ओळी मिळतात. पण या घाटाच्या पायऱ्या ती किती वेळा उतरली असेल!

सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चिंगीला गेल्या महिन्यात नववं लागलं.”

चित्रपटातली ती जागा कोठली, हे विचारायचे राहूनच गेले. पलीकडे दोन बाया कपडे धूत होत्या. ऊन कलले होते. चिंगीने विचारले, “बाबा, वाजवू का?” मी आईकडे पाहिले. आईने मान हलवली. चिंगीने दोन्ही हातांनी लोलक ओढला आणि तो नाद बराच वेळ पाण्यावर घुमत राहिला.