विश्लेषण : मयसभेत द्रौपदी खरेच हसली होती का?

फजिती झालेला दुर्योधन, वर सज्जात उभी द्रौपदी, तिचे खळखळून हसणे आणि आंधळ्या बापावरून मारलेला टोमणा. मयसभेचा हा प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ असतो. ‘एका बाईच्या हसण्याने महाभारत घडले’ असे त्यावरून सहज म्हटलेही जाते. मात्र महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग बराच वेगळा आहे. तिथे कोण हसते, हे पाहण्यासारखे आहे.

चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय?

महाभारताच्या हस्तलिखितांमध्ये प्रदेशागणिक फरक आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये ही हस्तलिखिते ताडून पाहण्याचे काम हाती घेतले. ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. बहुतेक परंपरांना समान असलेला, शक्य तितका जुना पाठ त्यातून निश्चित करण्यात आला. नंतरची भर तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवली गेली.

सभापर्वात नेमके काय घडते?

राजसूय यज्ञानंतर पाहुणे परततात. दुर्योधन आणि शकुनी मात्र इंद्रप्रस्थातच थांबतात. सभा पाहताना दुर्योधन स्फटिकाच्या फरशीला पाणी समजतो आणि वस्त्र वर उचलतो. पुढे खरोखरच पाणी असते. त्याला जमीन समजून तो कपड्यांसकट पाण्यात पडतो. त्याला कोरडे कपडे दिले जातात. त्यानंतर तो कोरड्या जमिनीवरही वस्त्र उचलून चालू लागतो. बंद दार उघडे समजून त्याचे कपाळ आपटते आणि उघडे दार बंद समजून तो मागे फिरतो. या प्रसंगात एकही विनोदी संवाद नाही. सगळा विनोद शरीराच्या हालचालींचा आहे.

अशा फजितीवर हसू का येते?

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्यावरील पुस्तकात याचे एक उत्तर दिले. जिवंत माणसाचे शरीर यंत्रासारखे वागू लागले की हसू येते, असे त्यांचे म्हणणे. समोरची परिस्थिती बदलते, पण शरीर आधीचीच हालचाल करत राहते. कोरड्या जमिनीवर वस्त्र सावरणारा दुर्योधन हे त्याचे चपखल उदाहरण आहे. बर्गसाँ यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हसताना समोरच्याबद्दलची सहानुभूती क्षणभर बाजूला पडते. म्हणूनच पडणाऱ्याला ते हसू जिव्हारी लागते.

मग हसले कोण?

दुर्योधन पाण्यात पडल्यावर आधी सेवक हसतात. नंतर भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव हसतात. तो कोरड्या जमिनीवर वस्त्र उचलतो तेव्हा लोक पुन्हा हसतात. प्रत्यक्ष प्रसंगाच्या या वर्णनात द्रौपदीचे नाव नाही. बापाच्या अंधत्वावरचा टोमणाही नाही. दुर्योधनाची प्रतिक्रिया मात्र नेमकी टिपली आहे. तो चेहऱ्यावर काही दिसू देत नाही आणि त्यांच्याकडे पाहतही नाही.

द्रौपदीचे नाव कुठून आले?

ते दुर्योधनाच्याच तोंडून आले. काही अध्यायांनंतर तो धृतराष्ट्राकडे गाऱ्हाणे मांडतो. भीम हसला, अर्जुनासह कृष्ण हसला आणि इतर स्त्रियांसह द्रौपदीही हसली, असे तो सांगतो. गंमत म्हणजे आधीच्या कथनानुसार कृष्ण तोवर द्वारकेला निघून गेलेला असतो. म्हणजे ही अपमानाने पेटलेल्या आणि बापाला द्यूतासाठी राजी करू पाहणाऱ्या माणसाची साक्ष आहे. पुढच्या कथनांमध्ये तीच घटना म्हणून रुळली. टोमण्याची भर पडली आणि टीव्ही मालिकेने तो घरोघरी पोचवला. लोकपरंपरेला कथा रंगवण्याचा हक्क आहेच. पण मूळ कथनात काय आहे, हे वेगळे ठेवायला हवे.

बाईच्या हसण्यावरच बोट का?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत आणि ते शरीरावरून ओळखायचे असतात. ‘स्मित’ म्हणजे दात न दाखवता गालातल्या गालात हसणे. ‘हसित’मध्ये दात किंचित दिसतात, तर ‘विहसित’मध्ये मंजुळ आवाज येतो. ‘उपहसिता’त नाकपुड्या फुलतात. ‘अपहसिता’त डोळ्यांत पाणी येते, डोके आणि खांदे हलतात. ‘अतिहसित’ म्हणजे कुशी धरून मोठ्याने हसणे. पहिले दोन प्रकार उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम पात्रांचे मानले आहेत. हास्यरस स्त्रिया आणि हलक्या पात्रांमध्ये अधिक दिसतो, असेही त्यात म्हटले आहे. ‘दात काढू नकोस’ हे मुलींना आजही ऐकावे लागते. लोकप्रिय कथेतल्या द्रौपदीचे मोठ्याने हसणे म्हणूनच ऐकणाऱ्याला आधीच दोषी वाटते.

याने काय फरक पडतो?

द्रौपदीच्या हसण्याला कारण ठरवले की द्यूतसभेतला छळ ‘बदला’ वाटू लागतो. प्रत्यक्षात दुर्योधन शकुनीशी बोलताना पांडवांच्या वैभवाने होणारी जळफळही उघड सांगतो. शिवाय द्यूतसभेतही हास्य आहेच. दुःशासन द्रौपदीला हिसडे देत हसत ‘दासी’ म्हणतो, कर्ण मोठ्याने हसून त्याला दाद देतो. दुर्योधन कर्णाकडे पाहून हसतो आणि द्रौपदीला आपली डावी मांडी उघडी करून दाखवतो. ती मांडी फोडण्याची प्रतिज्ञा भीम त्याच सभेत करतो आणि युद्धाच्या शेवटी ती खरी करतो. हे हसणे कुणाच्या गाऱ्हाण्यातून कळत नाही. ते थेट कथनात, हसणाऱ्यांच्या नावांनिशी नोंदवलेले आहे.