पावणेतीन लाख पडद्यांचं एक चित्र

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे १६४२ सालचं चित्र आहे. रुंदी साडेचार मीटर. २०२२च्या जानेवारीत संग्रहालयाने त्याचं ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र सर्वांसाठी खुलं केलं. त्यासाठी ८,४३९ फोटो काढून एकमेकांना जोडले. दोन पिक्सेलमधलं अंतर अवघं ५ मायक्रोमीटर, फाइल ५.६ टेराबाइटची!

मोबाइलमध्ये ती मावणारच नाही. तरी त्याच मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठं करत गेलं, की रंगाला पडलेल्या तड्यांपर्यंत पोचता येतं. हे जमतं कसं?

१०८० बाय २४०० पिक्सेलच्या पडद्यावर जेमतेम २६ लाख पिक्सेल मावतात. आख्खं चित्र पूर्ण बारकाव्यानिशी मांडायला असे पावणेतीन लाख पडदे लागतील. पण बघणाऱ्यासमोर पडदा एकच असतो. मग पाठवायचंही तेवढंच. म्हणून अशा चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश रुंदीच्या प्रती आधीच करून ठेवतात आणि प्रत्येकीचे फरशीसारखे चौकोनी तुकडे पाडतात. बोट सरकेल तसे हवे तेवढेच तुकडे येतात. या उतरंडीला जागा किती जास्त लागते? मूळ चित्राच्या फक्त एकतृतीयांश पिक्सेल. इतकं सुंदर गणित रोज आपल्या बोटाखाली चालू असतं.

खरं कसब आहे ते लहान करण्यात. इरकल साडीचा फोटो घ्या. रुंदी पाव करायची म्हणून दर चौथा पिक्सेल उचलला आणि बाकीचे टाकले, तर बारीक चौकडी नाहीशी होते आणि कापडावर कधीच नसलेले जाड, वाकडे पट्टे उमटतात. विणकराच्या मेहनतीवर हा अन्यायच. त्याऐवजी शेजारच्या सोळा पिक्सेलची सरासरी काढून एक पिक्सेल केला, तर चौकडी फिकी होईल, पण खोटी नक्षी सहसा उमटणार नाही.

सगळे आकार आधी करून ठेवायलाच हवेत असंही नाही. जगभरची ग्रंथालयं आणि संग्रहालयं ‘ट्रिपल आय एफ’ नावाचं एक सामाईक मानक वापरतात. त्यात चित्राचा कोणता भाग, किती मोठा, किती अंशांत फिरवलेला हवा, हे सगळं वेबपत्त्यातच लिहिलेलं असतं. पत्त्यातला रुंदीचा आकडा ६०० असेल आणि तो खोडून ३०० लिहिला, की सर्व्हर निम्म्या रुंदीची प्रत तिथल्या तिथे तयार करून देतो. ती बहुधा जपूनही ठेवतो. पुढच्याने तोच आकार मागितला, की तयार प्रत लगेच हातात.