सायकलचोर रंगेहाथ सापडला. आता पुढे काय?

आपल्या सायकलचे कुलूप दुसराच कोणी तोडत असल्याचे दिसते, तेव्हा मालकाला विचार करायला फार तर अर्धे मिनिट मिळते. त्या अर्ध्या मिनिटात तो ओरडतो किंवा धावत जाऊन समोरच्याची मानगूट धरतो. पाच मिनिटांत गर्दी जमते, दहा मिनिटांत कोणीतरी दोरी आणतो आणि मोबाइलवर चित्रीकरण सुरू होते. तोवर ज्याची वस्तू जात होती तो केवळ फिर्यादी उरलेला नसतो. कायद्याच्या नजरेत तोही आरोपी होण्याच्या वाटेवर असतो. चोरी झाल्यानंतर काय करावे हे बहुतेकांना ठाऊक असते. चोरी डोळ्यांदेखत होत असताना काय करावे आणि काय टाळावे, याची माहिती मात्र फार थोड्यांना आहे.

भोपाळचा हबीबगंज परिसर हे समजून घेण्यास सोयीचा आहे. एका बाजूला रेल्वे स्थानक, जवळच आंतरराज्य बसस्थानक, पलीकडे शिकवणी वर्गांनी भरलेले एमपी नगर आणि अलीकडे अरेरा कॉलनीतील बंगले. या बंगल्यांचे रखवालदार, घरकाम करणाऱ्या महिला, वर्गांना जाणारे विद्यार्थी, दुकानांतील नोकर अशा माणसांना सायकल ही हौसेची नव्हे, रोजच्या गरजेची वस्तू असते. याच शहरात जून २०१७ मध्ये सुमारे ५०० सायकलींची सार्वजनिक भाडेसेवाही सुरू झाली होती. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्याने उभारलेल्या स्थानकाला राणी कमलापती हे नाव मिळाले. वस्तीचे आणि तिथल्या पोलीस ठाण्याचे नाव हबीबगंज हेच राहिले. हबीबगंज असो की मडगाव, फौजदारी कायदा एकच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सायकलच्या मालकासाठी या बदलाने एक फार महत्त्वाची रेषा आखली आहे.

पाच हजारांची रेषा

न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता तपास करू शकतात. परंतु चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर हाच गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा केवळ समाजसेवेची.

आता हबीबगंजमधील दोन सायकलींचा विचार करावा. अरेरा कॉलनीतील मुलाची गिअरची नवी सायकल आणि त्याच बंगल्याच्या रखवालदाराची आठ वर्षे वापरलेली काळी सायकल. पहिली चोरीला गेली तर प्रथम माहिती अहवाल, अर्थात एफआयआर, नोंदवणे पोलिसांना बंधनकारक. दुसरी गेली तर ठाण्यातील नोंदवहीत चार ओळी लिहून तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगितले जाते. त्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. लहानसहान चोऱ्यांचा भार न्यायालयांवरून कमी व्हावा आणि पहिल्यांदा चुकलेल्याला तुरुंग टळावा, हा हेतू चांगलाच आहे. तथापि, ज्याची सायकल स्वस्त त्याचे नुकसान लहान, हे गृहीतक मुळातच चुकीचे आहे. गोव्यात पहाटे भोंगा वाजवत पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल बाजारात दोन हजारांनाही विकली जाणार नाही. ती गेली तर त्याच दिवशी त्याचा धंदा बुडतो.

या रेषेला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. सायकल राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतून चोरली गेली, तर कलम ३०५ लागू होते. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि किंमत कितीही असो, गुन्हा दखलपात्रच राहतो. याच कलमात माल अथवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीचाही समावेश आहे. पावाची टोपली वाहणारी सायकल त्यात बसते काय, हा युक्तिवाद एखाद्या वकिलाने जरूर करून पाहावा.

खरेदीची पावती आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक यांचे महत्त्व यातून कळते. पावती नसेल तर किंमत ठाणे अंमलदाराच्या अंदाजावर ठरण्याचा धोका राहतो. सांगाड्याचा क्रमांक नसेल तर एकाच बनावटीच्या शंभर सायकलींतून आपली कोणती, हे सांगणेही कठीण.

हात सायकलवर, माणसावर नव्हे

‘नागरिकाला चोर पकडण्याचा अधिकार आहे’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० खासगी व्यक्तीला अटकेचा अधिकार देते, पण गुन्हा तिच्या समक्ष घडलेला असावा आणि तो दखलपात्र तसेच अजामीनपात्र असावा, या अटीवर. म्हणजे कलमाचा शब्दशः अर्थ घेतला तर पाच हजारांखालील सायकलच्या चोराला अडकवून ठेवण्याचा हा अधिकार मालकाला मिळतच नाही. रस्त्यावर उभे राहून कोणी सायकलचे मूल्यांकन करत बसत नाही हे खरे, आणि वस्तुस्थितीबाबत सद्भावनेने झालेल्या चुकीला कायद्यात संरक्षणही आहे. तरीही त्या भरवशावर एखाद्याला दोन तास खोलीत कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. अधिकार असलेल्या प्रसंगीसुद्धा पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, आणि कोणत्याही स्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. त्याचे खिसे तपासणे हे पोलिसांचे काम आहे, जमावाचे नव्हे.

मालकाचा खरा आधार निराळा आहे. आपली मालमत्ता चोरीपासून वाचवण्याचा बचावाचा अधिकार न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे आणि त्याला पाच हजारांची अट नाही. सायकलचा दांडा घट्ट धरणे, ती हिसकावून परत घेणे, वाट अडवणे, त्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे हे सारे त्यात येते. ‘आवश्यक तेवढे’ हे शब्द मात्र निर्णायक आहेत. हा अधिकार केव्हा संपतो हेही कलम ४३ मध्ये नमूद आहे: चोर वस्तूसह निसटला, पोलिसांची मदत पोहोचली किंवा वस्तू परत मिळाली की तो संपला. सायकल हातात आल्यानंतर लगावलेली थप्पड हा बचाव नसतो.

तिचे मोजमापही कायद्यात आहे. साधी दुखापत केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, विजेच्या खांबाला बांधून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड, हाड मोडल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा. जुनी सायकल पहिल्यांदाच चोरणारा समाजसेवा करून सुटावा आणि तिचा मालक तुरुंगात जावा, असा विचित्र प्रसंग त्यामुळे सहज उद्भवू शकतो.

ही भीती पुस्तकी नाही. केरळमधील अट्टपाडीत फेब्रुवारी २०१८ मध्ये तांदूळ व किरकोळ जिन्नस चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी तरुणाला जमावाने मारले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने १३ जणांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. मध्य प्रदेशातच, नीमच जिल्ह्यात ऑगस्ट २०२१ मध्ये चोर असल्याचा ठपका ठेवून एका आदिवासी माणसाला वाहनाला बांधून फरफटत नेण्यात आले आणि त्याचा मृत्यू झाला. त्याची चित्रफीत देशभर पसरली. नव्या संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून केलेल्या हत्येला जन्मठेप किंवा मृत्युदंड आहे. ‘बाहेरचा दिसतो’ एवढ्या संशयावर जमाव पेटतो, तेव्हा हे कलम दूर राहत नाही.

म्हणून पहिले पाऊल हात उचलण्याचे नसून प्रश्न विचारण्याचे असावे. “अहो, ही सायकल कोणाची?” एवढा एक प्रश्न, मोठ्या आवाजात, चार माणसे ऐकतील असा. स्थानकाबाहेरच्या तळावर एकसारख्या काळ्या सायकली रांगेने उभ्या असतात; चुकून दुसरीच ओढणारा माणूस ओशाळून थांबतो, चोर बहुधा सायकल टाकून पळतो. दोन्ही प्रसंगी मालकाचे काम झालेले असते. पळणाऱ्याच्या मागे एकट्याने अंधाऱ्या गल्लीत धावणे टाळावे. ११२ हा क्रमांक देशभर चालतो. तो लावावा, आणि चेहरा, कपडे, गेल्याची दिशा व पाहणाऱ्या दोघांची नावे टिपून ठेवावीत. समोरच्याने चाकू काढला किंवा इजा करण्याची धमकी दिली, तर कायद्याच्या भाषेत ती साधी चोरी राहत नाही, जबरी चोरी होते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. बचावाचा अधिकारही तेव्हा विस्तारतो. पण तो न्यायालयात सिद्ध करायला माणूस जिवंत हवा. चाकू दिसताच सायकल सोडून द्यावी.

पकडलेला मुलगा असेल तर

कुलूप तोडणारा पंधरा-सोळा वर्षांचा निघाला, तर सारी प्रक्रिया बदलते. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. साध्या चोरीसारख्या गुन्ह्यात, प्रौढ साथीदार नसेल तर, नियमांनुसार एफआयआरऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. आणि ज्याचा विसर सर्वाधिक पडतो ते कलम ७४: अशा मुलाची ओळख उघड करणारे छायाचित्र वा चित्रफीत प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘हा पाहा चोर’ म्हणून टाकलेली वीस सेकंदांची चित्रफीत सायकलपेक्षा कितीतरी महाग पडू शकते.

सोडून द्यावे काय, हा प्रश्नही इथेच येतो. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ज’ या चित्रपटात सायकल गमावलेला कामगार संशयितापर्यंत पोहोचतो, पण पुराव्याअभावी पोलीस काही करू शकत नाहीत. अखेरीस तो स्वतःच सायकल चोरताना पकडला जातो आणि त्याच्या लहान मुलाकडे पाहून मालक त्याला जाऊ देतो. गोव्यात आता दरवर्षी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची पहिली आवृत्ती १९५२ मध्ये झाली, तेव्हा हा चित्रपट तिथे दाखवला गेला होता. त्या मालकाची मुभा भारतीय कायद्यातही आहे. चोरी हा आपसांत मिटवता येणारा गुन्हा असून तो मिटवण्याचा हक्क चोरलेल्या वस्तूच्या मालकाला आहे. जमावाला नाही आणि सोसायटीच्या अध्यक्षांनाही नाही.

एक स्थानक, तीन गणवेश

हबीबगंजचे उदाहरण खरे उपयोगी पडते ते तक्रार कोठे द्यावी या प्रश्नावर. स्थानकाच्या आवारात रेल्वे सुरक्षा दलाचे जवान दिसतात. त्यांचे मुख्य काम रेल्वेची मालमत्ता व प्रवासी यांचे संरक्षण. रेल्वेच्या हद्दीत प्रवाशाची वस्तू चोरीला गेली तर गुन्हा नोंदवतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस. फाटकाबाहेर पाऊल टाकले की शहर पोलिसांची हद्द, आणि तीही रस्ता बदलताच हबीबगंज किंवा एमपी नगर ठाण्याची. मडगावला कोकण रेल्वे पोलीस ठाणे आणि शहराचे ठाणे यांच्यात सामान्य माणसाचा असाच गोंधळ होतो.

या गोंधळाची भीषण किंमत हबीबगंजने पाहिली आहे. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या युवतीवर या स्थानकाजवळ सामूहिक बलात्कार झाला. तिने व तिच्या पालकांनी आरोपींपैकी दोघांना स्वतः पकडून दिले. तरीही हद्दीच्या वादात त्यांना एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरावे लागले. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चार आरोपींना जन्मठेप झाली. सायकलचोरीची त्या अत्याचाराशी तुलना होऊच शकत नाही. परंतु ‘ही आमची हद्द नव्हे’ हे वाक्य दोन्हीकडे तेच असते, आणि त्याचे उत्तरही आता कायद्यात लिहिलेले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, नोंदवून घ्यावी लागते. हाच झिरो एफआयआर. त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. भोपाळमध्ये डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय असल्याने तिथे ही तक्रार पोलीस उपायुक्तांकडे जाईल. पाच हजारांखालील सायकलबाबतही हात हलवत परतू नये. अदखलपात्र नोंदीचा क्रमांक व तारीख मागून घ्यावी.

चोर सायकलसह सापडला तर एक शेवटची अडचण उरते. सायकल आता मुद्देमाल झालेली असते आणि ठाण्याच्या मागच्या अंगणात गंजण्याची शक्यता असते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात जप्त वस्तू ठाण्यांत पडून राहू नयेत, असे बजावले होते. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने त्यासाठी मुदतीही घातल्या: वस्तूचे वर्णन चौदा दिवसांत न्यायालयाने तयार करावे, तिची छायाचित्रे वा चित्रफीत काढून घ्यावी आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा वा ताब्याचा आदेश द्यावा. मालकाने पावती, सांगाड्याचा क्रमांक आणि ओळखपत्र जोडून न्यायालयात अर्ज करायचा असतो. ताबा मिळताना बंधपत्र लिहून द्यावे लागते. खटला संपेपर्यंत ती सायकल विकू नये, तिला नवा रंग देऊ नये आणि न्यायालयाने बोलावल्यास ती हजर करावी.